पहिलं बरं की दुसरं

२ जानेवारी, शुक्रवार

लेन्स कंपनीची फुकटची डायरी. दरवर्षी येते आणि दरवर्षी ही तिच्यात इस्त्रीचे कपडे लिहिते. यंदा मी आधी हात मारला.

संकल्प तीन. रोज लिहायचं. चहा दोनदाच. आणि नवा टीव्ही ३१ जानेवारीच्या आत घ्यायचा. प्लाझ्मा की एलसीडी, एवढंच ठरवायचंय. दोनातून एक, त्यात काय आहे? आमचा तर धंदाच तो. घराखाली आमचं चष्म्यांचं दुकान. दादा पुढे बसून लोकांचे नंबर काढतो, मी मागच्या खोलीत काचा घासून फ्रेममध्ये बसवतो. तीस वर्षं दिवसभर कानावर एकच प्रश्न: पहिलं बरं की दुसरं? दादाचा एक नियम आहे. तीनदा विचारायचं. तरी गिऱ्हाइकाला सांगता आलं नाही, तर पहिलं ठेवायचं आणि पुढे चालायचं.

मला तीनदा विचारायची गरज पडणार नाही.

४ जानेवारी, रविवार, संध्याकाळी

दादा खेळायला आला. तो आणि वहिनी वरच्या मजल्यावर, आम्ही मधल्या. लेक नोकरीसाठी दुसरीकडे गेली तेव्हा तिचा गेमचा डबा इथेच राहिला. तेव्हापासून आम्ही दोघं भाऊ दर रविवारी गाड्यांची रेस लावतो. वय सत्तावन्न आणि बावन्न. बाहेर बोलत नाही.

आज पाचही रेस मी जिंकलो. डिसेंबरपासून सलग सतरा. हात बसलाय आता. दादा मात्र दर फेरीत डावीकडच्या कठड्यावर जाऊन आपटतो. मी डावीकडून गाडी पुढे काढली की त्याला पत्ताच नसतो. एकदम समोर दिसलो की दचकतो. म्हणतो, अरे, तू कुठून उगवलास?

कारण मी शोधलं. आमच्या जुन्या टीव्हीचा डावा कोपरा जांभळा पडलाय. तिथे कुणालाच काही दिसणार नाही. मला दिसतं, पण मला सवय आहे.

दादाला म्हटलं, नवा घेतो, मोठा. तो म्हणाला, माझ्यासाठी नको घेऊस. मी म्हटलं, तुझ्यासाठी कोण घेतंय?

१० जानेवारी, शनिवार

दुपारी शोरूमला गेलो. विकणारी मुलगी हुशार. चष्मा उणे अडीच असावा, फ्रेम नाकावरून घसरते. तिने विचारलं, गेमिंगसाठी म्हणजे मुलगा खेळतो का? म्हटलं, मोठा भाऊ. केवढा आहे? खरं सांगितलं. मग तिने चष्मा वर सरकवला आणि माझ्याकडे नीट पाहिलं.

तिच्याकडून कळलं ते असं. प्लाझ्माचा काळा रंग खरा काळा. गाडी कितीही पळाली तरी मागे शेपूट राहत नाही. अगदी बाजूला बसून पाहिलं तरी चित्र तसंच. पण तापतो, वजनाला दगड, आणि खोलीत उजेड असला की समोरची खिडकी त्यात दिसते. एलसीडी उजेडात झकास, हलका, तापत नाही. पण पळती गाडी जराशी पुसट होते, बाजूने पाहिलं तर रंग उडतात, आणि बटण दाबल्यावर गाडी वळायला किंचित उशीर.

मी लगेच प्लाझ्मा म्हणणार होतो. तेवढ्यात ती म्हणाली की एकच चित्र फार वेळ राहिलं तर प्लाझ्मावर त्याचा डाग बसतो. कायमचा. म्हटलं, एकच चित्र दिवसभर लावून ठेवणारा मूर्ख कोण असेल? ती म्हणाली, असतात सर.

उद्या निर्णय. पक्का.

११ जानेवारी, रविवार

निर्णय नाही. पण तक्ता तयार केला. मुद्दे चौदा, प्रत्येकाला दहापैकी मार्क. प्लाझ्मा ८१, एलसीडी ८१.

दादा आला नाही. वहिनी म्हणाल्या, डोकं जड झालंय, पडलेत. एकटाच खेळलो. पहिला आलो. चहा चार.

१९ जानेवारी, सोमवार

दादा काचा घ्यायला माझ्या खोलीत येताना दाराच्या चौकटीवर आपटला. डावा खांदा. या महिन्यात तिसऱ्यांदा. मी म्हटलं, बघून चाल जरा, दार तीस वर्षं तिथंच आहे. तो चिडला. दादा सहसा चिडत नाही.

दुपारी ओळखीचे एक रिटायर्ड मास्तर आले होते, वाचायचा चष्मा न्यायला. तक्रार केली. म्हणे तुमचा भाऊ रस्त्यात समोरून आला, मी हात केला, ढुंकून पाहिलं नाही. शिष्ट झाला का? मी विचारलं, तुम्ही कुठल्या बाजूला होतात? ते म्हणाले, त्याच्या डावीकडच्या फुटपाथवर, का? म्हटलं, सहज.

दादा खरंच थोडा शिष्ट झालाय. एकदा बोलायला हवं.

२५ जानेवारी, रविवार

आजही आला नाही. वर पावलं वाजत होती, म्हणजे झोपला नव्हता. वहिनींना जिन्यात गाठलं. म्हणाल्या, भावोजी, त्यांना नाही आवडत आता तो खेळ. मी म्हटलं, खेळ आवडतो हो, टीव्ही खराब आहे. त्या दोन पायऱ्या वर गेल्या. मग म्हणाल्या, असेल.

३१ जानेवारी, शनिवार

मुदत संपली. ती २८ फेब्रुवारीपर्यंत वाढवली आहे. फेब्रुवारी लहान असतो, त्यामुळे फारशी वाढलीच नाही म्हणायची.

७ फेब्रुवारी, शनिवार

शास्त्रशुद्ध चाचणी. दुकानातून नंबर काढायची लोखंडी गोल फ्रेम नेली, काचांची पेटी नेली. शोरूममध्ये दोन्ही टीव्ही शेजारी शेजारी लावून घेतले, फ्रेम डोळ्यांवर चढवली आणि एकेक काच बदलत गेलो. माणसं जमली. एक बाई रांगेत उभ्या राहिल्या, त्यांना वाटलं डोळ्यांचं मोफत शिबिर आहे. त्यांना परत पाठवताना मॅनेजर आले. त्यांनी मला पेटी बंद करायला सांगितली.

निष्कर्ष: माझा नंबर पावने वाढलाय. टीव्हींबद्दल निष्कर्ष नाही.

निघताना त्या मुलीच्या चष्म्याचे नाकावरचे पॅड नीट करून दिले. तिने थँक्यू म्हटलं आणि विचारलं, सर, तुमच्या भावाला एकदा घेऊन का येत नाही? ज्याला बघायचंय त्यानेच बघितलेलं बरं.

म्हटलं, तो बिझी असतो.

१५ फेब्रुवारी, रविवार

आज डोकं चालवलं. दुकान बंद होतं. दादाला खाली बोलावलं, म्हटलं नंबर काढायच्या तक्त्याचा नवा दिवा बसवलाय, उजेड पुरतो का बघ. त्याला त्याच्याच गिऱ्हाइकांच्या खुर्चीत बसवलं. आधी डावा डोळा झाकून, मग उजवा. दोन्ही वेळा त्याने शेवटची ओळ खडाखडा म्हटली. न अडखळता. शिवाय तक्त्याखाली छापखान्याचं नाव असतं तेही सांगितलं.

म्हणजे डोळे ठणठणीत. माझ्या मनात काही होतं असं नाही. पण बरं वाटलं. इतकं की चहा पाच झाले.

दोष टीव्हीचाच. सिद्ध झालं.

१६ फेब्रुवारी, सोमवार

काच घासताना लक्षात आलं. तो तक्ता तीस वर्षं तोच आहे. मी चष्मा काढून, डोळे मिटून, मशीन चालू ठेवून शेवटची ओळ म्हणून बघितली. सगळी आली. छापखान्यासकट.

याचा अर्थ दादाला दिसत नाही असा होत नाही. एखादी गोष्ट पाठही असू शकते आणि दिसतही असू शकते. दोन्हींत भांडण नाही.

काच जास्त घासली गेली. फुकट गेली.

२८ फेब्रुवारी, शनिवार

मुदत. मुद्दे आता एकतीस. एलसीडी ठरला. फायनल. ‘फायनल’ला दोनदा अधोरेखित केलं.

१ मार्च, रविवार

प्लाझ्मा. काल एक मुद्दा राहून गेला होता. बाजूचं दिसणं. प्लाझ्मा कुठूनही बघितला तरी बाजू फिक्या पडत नाहीत. दादाला गरज आहे ती नेमकी याचीच, बाजूला स्वच्छ दिसण्याची. टीव्हीच बाजूने स्वच्छ असला तर त्याला दिसेल. या मुद्द्याला दहाऐवजी वीस मार्क दिले.

हिला समजावून सांगितलं. ही भाजी निवडत होती. म्हणाली, वीस का, पन्नास द्या.

१० मार्च, मंगळवार

दादाने आज गिऱ्हाईक नसताना मला पुढे बोलावलं. म्हणाला, बस इथे. आपल्या स्टुलावर मला बसवलं आणि म्हणाला, नंबर काढायला शीक आता. मी म्हटलं, आणि काचा कोण घासणार? म्हणाला, घासायला माणूस ठेवता येतो. मी हसलो. तो हसला नाही. म्हणाला, मला जरा आराम करायचाय. मी म्हटलं, टीव्ही येऊ दे, मग बघू. त्याने विचारलं, यात टीव्हीचा काय संबंध? मला उत्तर देता आलं असतं, पण गिऱ्हाईक आलं.

पेन शोधताना त्याच्या ड्रॉवरमध्ये डोळ्यांत घालायच्या थेंबांच्या बाटल्या दिसल्या. तीन. एक संपलेली, एक अर्धी, एक कोरी. रस्त्यावर धूळ फार झालीय.

दादा त्या स्टुलावर नसेल तर या दुकानाला अर्थ नाही. मी फक्त काचा जाणतो, माणसं दादाकडे येतात. आज पहिल्यांदा हा विचार आला. मग जेवलो.

२१ मार्च, शनिवार

अखेर दादाचाच नियम वापरला. स्वतःला तीनदा विचारलं. पहिलं बरं की दुसरं? तिन्ही वेळा सांगता आलं नाही. तेव्हा पहिलं. तक्त्यात पहिला कॉलम प्लाझ्माचा आहे.

घेतला. पन्नास इंची. ती मुलगी म्हणाली, अभिनंदन सर, आता शोरूम सुनं सुनं वाटेल. मॅनेजर स्वतः दारापर्यंत सोडायला आले.

तिने बजावलं ते लिहून ठेवतो: पहिले शंभर तास जपायचं. ब्राइटनेस कमी ठेवायचा. स्थिर चित्र अजिबात नको. अधोरेखित.

२२ मार्च, रविवार

टीव्ही आला. दोन माणसं धापा टाकत वर आली. भिंतीला चार मोठे स्क्रू. चालू केला आणि खोली बदलली. खरा काळा, खरोखर काळा.

ब्राइटनेस पूर्ण चढवला. शंभर तासांचं माहीत आहे, पण टीव्ही दादासाठी, म्हणजे खेळासाठी, घेतलाय. त्याला अंधूक दाखवून काय उपयोग? स्थिर चित्र ठेवलं नाही म्हणजे झालं.

टीव्हीखाली कागद चिकटवला: कृपया कोणीही हात लावू नये, हुकमावरून. हिने वाचला. म्हणाली, या घरात आपण दोघंच आहोत, तर कोणीही म्हणजे मीच ना? मी म्हटलं, तसं नाही. ती म्हणाली, नाही लावणार.

वहिनी म्हणाल्या, पुढच्या रविवारी नक्की पाठवते. वचन दिलं.

२९ मार्च, रविवार

साडेतीन. सगळं तयार. दोन खुर्च्या. पडदा ओढला म्हणजे खिडकी चमकणार नाही. गेम लावून ठेवलाय. उजवीकडे माझी गाडी काळोखात उभी आहे, डावीकडे वर दादाची जागा रिकामी, तिथे मोठी पांढरी अक्षरं: प्लेयर टू, प्रेस स्टार्ट. त्याने बटण दाबलं की सुरू.

पावणेचार. वहिनी जिन्यातून ओरडल्या, शर्ट घालतायत, येतायत.

चारला पाच. वर दार वाजलं. आला.

३० मार्च, सोमवार, हॉस्पिटल

दादा आमच्यापर्यंत पोहोचला नाही. जिना जिथे डावीकडे वळतो तिथल्या पायरीवर पाय हवेत पडला. सात पायऱ्या. डाव्या भुवईवर चार टाके, गुडघा सुजलाय, हाड शाबूत.

टाके घालणाऱ्या डॉक्टरने विचारलं, रोजचाच जिना ना, मग पायरी दिसली कशी नाही? मग वहिनींनी सांगितलं. काचबिंदू. डोळ्यातलं प्रेशर वाढतं आणि कडेकडेने नजर खात जातं, दुखत नाही, खुपत नाही. समोरचं शेवटपर्यंत स्वच्छ दिसतं. चौदा महिने थेंब चालू आहेत. त्याने वहिनींना शपथ घातली होती, खालच्यांना सांगायचं नाही. दुकानात कळलं तर डोळे तपासून घ्यायला कोण येईल, असं म्हणाला होता.

खालचे म्हणजे मी.

चौदा महिने. म्हणजे माझ्या सतराही रेस त्यात आल्या.

३१ मार्च, मंगळवार, हॉस्पिटल

मोठ्या डॉक्टरांनी तपासणी केली. दादाला एका पांढऱ्या घमेल्यासारख्या यंत्रात तोंड घालून बसवलं. मधल्या ठिपक्याकडे बघायचं, आजूबाजूला कुठेही उजेडाचा टिपका दिसला की हातातलं बटण दाबायचं. मी दारात उभा होतो. टिपके मला दिसत नव्हते, पण बटणाचा आवाज येत होता. येत होता, मग बराच वेळ येत नव्हता. अंधारात बटण हातात धरून दादा बसून होता.

रिपोर्टवर दोन गोल. डावा जवळजवळ पूर्ण काळा. उजव्याचा डावीकडचा भाग काळा. दादा म्हणाला, डॉक्टरांच्या गेममध्येही हरलो बघ. मला हसता आलं नाही, म्हणून मी चहा आणायला गेलो. आज चहा मोजले नाहीत.

मला भीती वाटली. लिहून ठेवतो.

१ एप्रिल, बुधवार, हॉस्पिटल

ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, प्रेशर उतरेल, उरलंय ते राखता येईल. गेलं ते येत नाही. मी विचारलं, मोठ्या स्क्रीनचा काही उपयोग? त्यांनी विचारलं, कसल्या स्क्रीनचा? म्हटलं, काही नाही.

काही वाटलं नाही. दिवसभर काहीच वाटलं नाही. बाकावर बसून समोरच्या माणसांच्या फ्रेमा बघत होतो. बहुतेकांच्या वाकड्या होत्या.

२ एप्रिल, गुरुवार

दादाला घरी आणलं. जिन्यात मी त्याच्या डाव्या बाजूला होतो. वर पोहोचवून खाली आलो, दार उघडलं.

टीव्ही चालू.

रविवारी चारपासून चालू. चार दिवस. पूर्ण ब्राइटनेसवर. काळोखात माझी गाडी, आणि डावीकडे वर पांढरी अक्षरं, प्लेयर टू, प्रेस स्टार्ट. भिंत गरम झाली होती.

हिला विचारलं, बंद का नाही केलास? ती हॉस्पिटलचा डबा घासत होती. म्हणाली, तुम्हीच लिहिलंय ना, कोणीही हात लावू नये. हुकमावरून. म्हटलं, अगं पण चार दिवस! ती म्हणाली, मला वाटलं ते भावोजींची वाट बघतंय, तर असू दे.

बंद केला. परत चालू केला, बातम्या लावल्या. बातम्या सांगणाऱ्या बाईच्या केसांवरून अक्षरं जात होती. स्पष्ट वाचता येत होती.

४ एप्रिल, शनिवार

शोरूमला फोन. त्या मुलीला म्हटलं, एका ओळखीच्या माणसाने चुकून चार दिवस एकच चित्र ठेवलं, तर काय करावं? तिने विचारलं, कोणत्या ओळखीच्या? मी म्हटलं, तू ओळखत नाहीस. तिने उपाय सांगितला. स्क्रीनवर पूर्ण पांढरं चित्र लावून ठेवायचं, नाहीतर सिग्नल नसलेल्या चॅनलवरच्या मुंग्या. काही वेळा डाग फिका होतो. काही वेळा म्हणजे किती वेळा, असं विचारलं. ती म्हणाली, सर, मूर्ख कोण असेल असं तुम्हीच म्हणाला होतात ना?

हुशार मुलगी आहे.

५ एप्रिल, रविवार

मुंग्या. सहा तास. पन्नास टक्के फरक.

६ एप्रिल, सोमवार

मुंग्या. सत्तर टक्के. हिला दाखवलं. ती म्हणाली, मला तर ‘प्रेस’ आधीपेक्षा ठळक वाटतंय.

८ एप्रिल, बुधवार

नव्वद टक्के गेलं. लांबून बघितलं तर. चष्मा काढून बघितलं तर पूर्ण गेलं.

१२ एप्रिल, रविवार

डाग आहे. होता तेवढाच आहे. हे लिहायला इतके दिवस लागले.

जानेवारीपासूनचा तक्ता फाडला. त्या सतरा रेसही खोडल्या. मागच्या पानावर मांडून ठेवल्या होत्या, एकेकीवर काट मारली. दर वळणाला दादा कठड्यावर आपटत होता आणि मी लिहीत होतो की हात बसलाय. बाजूला बसून तीन महिने मला दिसलं नाही, आणि मला तर दोन्हीकडचं दिसतं.

१८ एप्रिल, शनिवार

दुकान. स्टुलावर मी. दादा माझ्या मागे खुर्चीत, काळा चष्मा लावून. येणाऱ्यांना तो स्वतःच सांगतो की माझे डोळे बिघडलेत, आता धाकटा नंबर काढतो, पण कान माझे आहेत. लोक येतायत. मास्तर आले, उजव्या बाजूने येऊन दादाशी हात मिळवून गेले.

शेवटचं गिऱ्हाईक शोरूममधली ती मुलगी. माझं पहिलंच पूर्ण एकट्याने काढलेलं. विचारलं, पहिलं बरं की दुसरं? ती म्हणाली, सारखंच. परत विचारलं. सारखंच. माझ्या कपाळावर घाम. मागून दादा म्हणाला, अजून एकदा विचार. विचारलं. सारखंच. मग पहिलं ठेवलं. उणे पावणेतीन.

दुकानाच्या वहीत तिची नोंद केली. वस्तू, दोष, गिऱ्हाइकाची तक्रार. असे तीन रकाने असतात, तीस वर्षं दादाच भरत आलाय. अक्षर माझं चांगलं नाही.

जाताना तिने विचारलं, टीव्ही कसा चाललाय? म्हटलं, छान.

२६ एप्रिल, रविवार

दादा आला.

वहिनी दारापर्यंत सोडून गेल्या. खुर्ची बरोबर मध्ये ठेवली होती. तो बसला, कंट्रोलर घेतला, अंगठ्याने बटणं चाचपली.

मी आधीच कबूल करून टाकलं. म्हटलं, दादा, टीव्ही खराब केलाय मी, डाग पडलाय. त्याने विचारलं, कुठे? म्हटलं, डावीकडे, वर. तो बराच वेळ समोर बघत राहिला, मान न हलवता. मग म्हणाला, मला तर चित्र अगदी स्वच्छ दिसतंय.

तो हसायला लागला. मग मलाही हसू आलं, आणि डोळ्यांतून पाणी आलं. त्याला दिसलं नाही. मी त्याच्या डावीकडे बसलो होतो.

रेस लावली. मी सांगत होतो, डावीकडे कठडा, डावीकडे वळण, डावीकडून मी येतोय. आपण येतोय हे आपणच सांगितलं तर पुढे कसं जाणार? त्याने दर वेळी गाडी आडवी घातली. चारही रेस दादाने जिंकल्या. मी म्हटलं, मी तुझा रस्ता बघत होतो म्हणून हरलो. तो म्हणाला, कारणं सांगू नकोस, पुढच्या रविवारी ये म्हणावं तर तूच इथे राहतोस.

हिने चहा आणला. दुसराच. दादाच्या उजव्या हाताला ठेवला.

आता हा विषय दुकानाच्या वहीप्रमाणे नोंद करून बंद करतो.

वस्तू: प्लाझ्मा, पन्नास इंची.
दोष: डावीकडे वर डाग. कायमचा.
गिऱ्हाइकाची तक्रार: नाही.